मोकळा बार

भोरडी कणसातला दाणा टिपते तेव्हा त्याचे बोंड जागेवरच राहते. दाणा चिकात असतो, चोचीच्या दाबाने फुटतो, आणि दुधासारखा थेंब बोंडाच्या कडेवरून ओघळून खालच्या दाण्यावर वाळतो. तिथे पांढरट पापुद्रा धरतो. छबूबाईने कणीस वाकवून डोळ्यांजवळ आणले. वरच्या अंगाची बोंडे रिकामी होती. मधली अर्धीमुर्धी. देठाजवळची तेवढी भरलेली होती, कारण तिथे पाखराला पाय रोवता येत नाही. तिने अंगठ्याच्या नखाने पापुद्रा खरवडला आणि कणीस सोडून दिले. हलके झालेले ते कणीस झटक्यात सरळ उभे राहिले.

शेजारचे तिने वाकवून पाहिले नाही.

पौषातली सकाळ होती. मोशीच्या शिवारात, इंद्रायणीच्या अंगाला, शाळू ज्वारीचे हे एकच रान उभे होते. पिंपरीला औषधाचा कारखाना झाला, कामगारांची घरे बांधायला निघाली आणि विटा लागू लागल्या. हिंदुरावाने नदीकाठी भट्टी लावली. मग एकेकाने आपल्या रानातली काळी माती त्याला दिली. छबूबाईच्या रानाच्या तीन अंगांना आता पुरुषभर खड्डे होते, तळाला मुरूम उघडा पडला होता, आणि त्या खड्ड्यांत दिवसभर बायाबाप्ये माती खणत असत. चौथ्या अंगाला नदी आणि भट्टीची वाट.

शिवारभर शाळू असे तेव्हा भोरड्यांचे थवे वाटले जात. थोडे याच्या रानात, थोडे त्याच्या. सगळ्यांचे थोडे जाई, कुणाचे सगळे जात नसे. यंदा पाखरे तेवढीच आली होती. रान एकच उरले होते.

राखणीच्या माळ्यावरून तिचा नवरा कोंडाजी ओरडत होता. "हाऽऽ हुर्र! हाऽऽ!" मग रॉकेलचा डबा बडवल्याचा आवाज. थवा उठला, आभाळात एक वळण घेतले आणि रानाच्या दुसऱ्या टोकाला उतरला. डब्याची भीती पाखरांना आता उरली नव्हती.

पूर्वी डब्याची गरजच पडत नसे. कोंडाजीची गोफण साऱ्या गावात नावाजलेली. आळंदीला माळ घातलेला माणूस. गोफणीचा गुंडा त्याने कधी थव्यावर टाकला नाही. थव्याच्या डोक्यावरून, हातभर उंच असा सोडायचा, की गुंड्याच्या सुसाट्यानेच पाखरू उठावे. पडता कामा नये. पण गेल्या नांगरटीला बैलाने त्याला भुईवर आपटले आणि उजवा खांदा निखळला. बसवला, तो नीट बसला नाही. आता तो हात छातीच्या वर जात नव्हता. गोफण खुंटीला अडकवलेली होती, आणि आंघोळीनंतर सदरा चढवायलाही त्याला छबूबाई लागे.

बांधावर हिंदुराव उभा होता. डोक्याला पटका, हातात छत्री, धोतराचा सोगा विटकरी धुळीने लाल झालेला.

"काय पाव्हणं, पाखरांची पंगत बसली वाटतं आज पन!"

कोंडाजीने माळ्यावरून पुन्हा डबा बडवला. तो चऱ्होलीहून घरजावई म्हणून आला त्याला अर्धे आयुष्य झाले होते. मुलगा ज्योतीरामही आता कारखान्यात लागला होता. तरी हिंदुरावाला कोंडाजी अजून पाव्हणाच होता.

"बोला की. का जिभंबी बैलानं धरली?"

"तिला इचारा," कोंडाजी म्हणाला. "रान तिच्या बापाचं हाय."

"छबूताई, तू तर गावची लेक. तुला काय शिकवायचं? आजूबाजूनं खड्डं, मधी तुझं रान. जमिनीत वल ऱ्हाईल का हितं? येत्या पावसात कडा ढासळाया लागतील. आज माती दिलीस तर माती म्हनून जाईल. मागनं नुसती वाहून जाईल."

छबूबाईने पदर खांद्यावर घेतला. "बघू," ती म्हणाली.

"गेल्या दिवाळीलाबी बघूच म्हनलीस."

"मग काय, बघतीच हाय."

हिंदुराव हसला आणि छत्री टेकत भट्टीकडे गेला. तो खोटे बोलत नव्हता, हेच तिला जास्त लागले.

रविवारी ज्योतीराम सायकलच्या दांडीला गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी बांधून घेऊन आला. अंगणात गोणपाट सोडले तशी आतून बंदूक निघाली. कोंडाजी बसल्या जागी मागे सरकला.

"भिऊ नका, आबा. हवंची हाय. दारू न्हाई, काडतूस न्हाई. पुन्यात मिळती. सगळ्यात साधी घेतली." त्याने एक पत्र्याची डबी हलवली. आत शिशाचे छर्रे खुळखुळले. "आमच्या शिफ्टमधला एकजन आंब्याच्या बागंला वापरतो. राघू फिरकत न्हाईत."

शेजारची गोजाबाई कुडावरून डोकावली. "अगं बया, छबे, तुझा ल्योक शिपाई झाला का काय? आता पाटलाला सलाम करायला लाव."

"गोजामावशे, बाजूला व्हा. नळीच्या म्होरं उभं ऱ्हायाचं न्हाई."

"रिकामी हाय ना?"

"रिकामी असली तरी न्हाई."

गोजाबाई हसत बाजूला झाली. पण ज्योतीराम हसला नाही, हे छबूबाईने पाहिले. कारखान्यात गेल्यापासून त्याच्या हातांना एक सावधपणा आला होता. वस्तू उचलण्याआधी तो तिच्याकडे क्षणभर बघे.

तो त्यांना विहिरीमागच्या दरडीपाशी घेऊन गेला. दरडीला मातीचे फुटके मडके टेकवून ठेवले. छर्रा चुकला तर दरडीत जाईल, पलीकडे कुणी नाही, हे त्याने आधी वर चढून बघून घेतले. मग एका फडक्याने बंदूक पुसली. नळीतून तेलाचा काळपट बोळा निघाला.

"दुकानात ठिवताना तेल भरत्यात. नवी हाय तवर आत तेल ऱ्हातं, ते जळतं. धूर येईल, आवाज मोठा येईल. छर्राबी इकडं तिकडं जाईल. शे-दीडशे छर्रं उडलं म्हंजी बसंल. मधनं मधनं हे स्क्रू आवळायचे, ढिले व्हतात." त्याने दस्ता मांडीवर टेकवला, नळीचे टोक धरून बंदूक बिजागरीत मोडली आणि खाली दाबत नेली. आतून कट्ट असा आवाज झाला. "आता हिच्यात जोर भरला. स्प्रिंग दबून बसली. हा खटका दाबला तर नळी अशी वर येईल, बोट सापडलं तर गेलं. म्हनून नळी बंद होईस्तवर ह्या हातानं धरूनच ठिवायची. आनि खटक्याला बोट लावायचं न्हाई. नेम धरल्याबिगर न्हाईच."

"अन् मोकळी उडवली तर?" कोंडाजीने विचारले.

"मोकळी कधीच न्हाई. आत दट्ट्या हाय. तो म्होरं धावतो तवा छर्रा अडून असतो, म्हनून मधी हवंची गादी राहती. छर्रा न्हाई तर गादी न्हाई. दट्ट्या सरळ लोखंडाला धडकतो. स्प्रिंग तुटंल, खटक्याचा दात झिजंल."

त्याने छर्रा बसवला, नळी बंद केली, नेम धरला. धाड्! निळसर धूर निघाला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि मडक्यापासून वीतभर अंतरावर दरडीची माती उडाली. विहिरीवरच्या पिंपळातले कावळे एकदम उठले. आणि दूर, शाळूच्या रानावरून, भोरड्यांचा अख्खा थवा वर आला. तो वळला नाही. नदी ओलांडून पलीकडच्या शिवारात गेला.

तिघेही त्या रिकाम्या आभाळाकडे बघत राहिले.

"पर मी पाखरू मारनार न्हाई," कोंडाजी म्हणाला. त्याचा डावा हात गळ्यातल्या माळेवर होता. "आधीच सांगतो."

"नका मारू. भ्या दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून दोघे माळ्यावर बसू लागली. नळी मोडायला कोंडाजीच्या खांद्यात बळ नव्हते. ते काम छबूबाईचे. ती दस्ता मांडीत दाबून धरी, ओठ मिटून नळी खाली ओढी, कट्ट झाले की छर्रा बसवी, नळी बंद करी आणि बंदूक त्याच्याकडे देई. तो ती डाव्या खांद्याला लावून उडवी. नदीच्या बाजूलाच, कारण बाकी तिन्ही अंगांना खड्ड्यांत माणसे होती, त्यांच्या डोक्यावरचे पटके आणि पदर माळ्यावरून दिसत. नदीच्या बाजूलाही वाट रिकामी असेल तेव्हाच. भट्टीची गाडी आली की थांबायचे. गाडी जाईपर्यंत पाखरे खात.

तिच्या मांडीवर दस्त्याचा काळानिळा वळ उठला. रात्री ती त्याला हळद लावी. पण कणसांच्या वरच्या अंगाला नवी बोंडे रिकामी होत नव्हती. दाणा चिकातून पिठात येऊ लागला होता. कोंडाजी संध्याकाळी माळ्यावरून उतरताना काहीतरी गुणगुणत असे. गोजाबाई म्हणे, "जोडीनं शिकार चाललीय बाई. लगीन नवं झाल्यावानी."

पुढच्या रविवारी ज्योतीरामने पुन्हा दरडीला मडके ठेवले. बंदूक उडवली. धूर आला नाही. आवाजही आला नाही म्हणावा इतका कमी. फांदी मोडल्यासारखा एक टच्च. मडक्याच्या बरोबर मध्ये भोक पडले होते.

"बघा! बसली बंदूक," तो आनंदाने म्हणाला. "आता कशी सरळ जाती."

छबूबाई रानाकडे बघत होती. एकही भोरडी उठली नव्हती.

"ज्योत्या," ती म्हणाली, "हिचा आवाज कुटं गेला?"

"आवाज तेलाचा व्हता, आये. ते जळून गेलं. हीच तिची खरी चाल. आता नेम धरून दोन-चार पाडली की बाकीची येनार न्हाईत."

कोंडाजी उठून घरात गेला.

"दोन-चार?" छबूबाई म्हणाली. थव्यात किती असतील हे तिने कधी मोजले नव्हते. मोजता येतील इतकी ती नव्हतीच. "अन् गोळी चुकली तर खड्ड्यातल्या बाईच्या डोक्यात जाईल. त्यापरीस ऱ्हाऊ दे."

ज्योतीरामने बंदूक पुसून बाजूला ठेवली. जाताना सायकलवर टांग टाकत म्हणाला, "आये, हिंदुरावाला काय ते एकदा सांगून टाक. पिंपरीला खोली मिळती. आबा तरी किती दिस वरडनार?"

"बघू."

दोन दिवस पाखरांनी मनासारखे खाल्ले. बंदूक माळ्यावर आडवी पडून होती. तिसऱ्या दिवशी कोंडाजीने घरातून करडईच्या तेलाची वाटी आणली.

"तेलाचाच आवाज व्हता म्हनला न्हवं? मग तेल घालू."

छबूबाईने नळी मोडली. त्याने बोट तेलात बुडवून आतल्या भोकाला चोपडले. ती छर्रा बसवायला गेली तसा तो म्हणाला, "नको. कुटं जाईल कुनाला ठावं. मोकळीच उडव."

"मोकळी न्हाई म्हनलाय त्यो."

"मानसाला लागण्यापरीस बंदुकीला लागलेलं बरं."

ज्योतीरामने दोन गोष्टी सांगितल्या होत्या, मोकळी उडवायची नाही आणि नळीच्या पुढे माणूस नको; आणि या रानात त्यातली एकच पाळता येत होती. तिने नळी बंद केली.

मोकळी बंदूक धाड् करून उडाली. पहिल्या दिवसापेक्षाही मोठ्याने. करडईच्या जळक्या तेलाचा वास आला, भजी तळल्यासारखा. थवा उठला तो थेट नदीपार. खड्ड्यातून एक बाई ओरडली, "कोंडाजीदादा, वडं कवा देताय?" आणि कोंडाजी मोठ्याने हसला. खांदा गेल्यापासून तो असा हसला नव्हता.

मग तेच चालू झाले. नळी मोडायची, तेलाचे बोट, नळी बंद, धाड्. आवाजात हळूहळू लोखंडाची खणखण मिसळू लागली. नळी दाबताना तिला आत काहीतरी खरखरल्यासारखे वाटे. कट्ट आधी स्पष्ट येई, आता कधी येई, कधी दोनदा दाबावे लागे. तिने हे कोंडाजीला सांगितले नाही. दाणा टणक व्हायला अजून थोडेच दिवस हवे होते, आणि तेवढे निघाले की काढणी.

त्या दिवशी ऊन वर आले होते. थवा दोनदा उठवला होता आणि तो तिसऱ्यांदा येत होता, भट्टीच्या धुरातून, काळा, पसरत. छबूबाईने घाईने नळी खाली ओढली. कट्ट झाले. वाटी तिच्या बाजूला होती, म्हणून तेलाचे बोट तिनेच घातले. नळी धरलेला हात त्यासाठी सोडला. दस्ता कोंडाजीने आधीच आपल्याकडे ओढून घेतला होता. थवा कणसांवर उतरत होता. कोंडाजीच्या डाव्या हाताचे बोट खटक्यावर होते. तो हात आयुष्यभर कासरा धरणारा. खटक्यावर थांबायचे कसे ते त्याला ठाऊक नव्हते. ते बोट दाबले गेले, की झिजलेला दात आपणच सुटला, हे नंतर कुणालाच सांगता आले नाही.

आवाज लहानच झाला. पाखरे उठली नाहीत.

छबूबाईला आधी काही दुखले नाही. नळी बंद झालेली दिसली आणि तिच्या उजव्या हाताचे पहिले बोट बिजागरीपाशी संपलेले दिसले. मग तिने तोंडाने श्वास ओढला. कोंडाजी "अगं, अगं, अगं" एवढेच म्हणत नळी मोडू पाहत होता, आणि त्याच्या हातांत तेवढे बळ नव्हते. तिनेच डाव्या हाताने नळी खाली दाबली. बोट सुटले.

चाकणच्या दवाखान्यात बैलगाडीने जाईपर्यंत लुगड्याचा पदर भिजला होता. बोटाचे शेवटचे पेर काढावे लागले. मधल्या बोटाचेही नख गेले, हाड चिरले होते. हात मनगटापर्यंत बांधून दिला आणि छातीशी उंच धरून ठेवायला सांगितला. खाली सोडला की त्यात ठोके पडत.

ज्योतीराम रात्रपाळी टाकून आला. त्याने बंदूक उघडून बघितली. स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते, चामड्याचा वायसर जळून कोळसा झाला होता.

"नळी उघडी असताना खटक्याला बोट," तो म्हणाला. "एवढंच सांगितलं व्हतं मी. एवढंच."

कोंडाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"त्यास्नी बोलू नगंस," छबूबाई म्हणाली. "हात मीबी सोडला."

दुसऱ्या दिवसापासून भाकरी कोंडाजी करू लागला. पीठ डाव्या हाताने मळायचा, उजवा नुसता परातीला टेकवून. भाकरी थापताना फाटे, तो तिचे तुकडे जोडी, तव्यावर टाकताना ते पुन्हा सुटत. करपलेल्या बाजू काढून तो मऊ भाग तिच्या ताटात ठेवी. तिला डाव्या हाताने खाता येत नसे. कालवण मनगटावर ओघळे. तो बघे आणि न बघितल्यासारखे करी. तिचा अंबाडा गोजाबाई येऊन बांधून जाई. त्या वेळी कोंडाजी बाहेर जाऊन गोठ्यापाशी उभा राही.

शाळू वाळला. जेवढा उरला होता तेवढा. शाळू कापत नाहीत, उपटतात. ताटाच्या बुडाशी दोन्ही हातांनी धरायचे, कमरेतून झटका द्यायचा, मुळाची माती पायावर आपटून झाडायची. गावात कुणी मोकळे नव्हते. गोजाबाईची सून, तिचा दीर, खालच्या आळीतल्या साऱ्या बाया भट्टीवर जात. तिथे रोज रोख मिळे. कोंडाजी दोनदा बोलवायला गेला.

"एका दिसाचं काम असतं तर आलो असतो, दादा," गोजाबाईचा दीर म्हणाला. "पर एक दिस बुडवला की हिंदुराव दुसरा लावतो. तुमच्या कनसात तरी काय हाय आता?"

म्हणून एका सकाळी ती दोघेच रानात उतरली. थंडी होती. ताटांवर दव होते. छबूबाईने बांधलेला हात छातीशी धरला, डाव्या हाताने एक ताट बुडाशी पकडले आणि झटका दिला. ताट मुळातून आले नाही, मधून मोडले. दुसरेही मोडले. तिसऱ्याला कोंडाजीने आपला डावा हात तिच्या हाताखाली लावला. दोघांनी मिळून ओढले तसे ते आले. मातीचा गड्डा मुळाला धरून होता. त्याने तो पायावर आपटला. माती सुटी झाली, काळी, ओलसर.

पुढचे ताट. मग पुढचे. एका ओळीचा कोपरा व्हायला किती वेळ लागला ते सूर्यावरून कळत होते. उपटलेल्या कणसांपैकी बरीचशी नुसती बोंडांची होती. कोंडाजीच्या कपाळावर घाम आला होता आणि उजवा हात आपोआप पुढे यायचा, खांद्यापाशी अडायचा आणि तो दात चावायचा. आवाज मात्र करायचा नाही. डोक्यावरून भोरड्या आल्या. कोंडाजीने मान वर केली, तोंड उघडले, पण ओरडला नाही. उरलेल्या ताटांवर त्या बसल्या, दोघांपासून काठीभर अंतरावर. छबूबाईने एकीच्या पाठीवरचा फिकट गुलाबी रंग नीट पाहिला. एवढ्या जवळून तिने तो कधी पाहिला नव्हता.

"अवं," ती हलक्या आवाजात म्हणाली, "जरा बसा."

"बसतो. ही वळ झाली की बसतो."

"आन् म्होरच्या साली?"

"म्होरच्या साली तुझा हात बरा असंल." त्याने पुढचे ताट धरले. "ज्योत्याला सांगू, दुसरी स्प्रिंग मिळती का बघ म्हनून. छर्रा घालूनच उडवू. मी धरीन नीट. बी तर ठिवायाच पायजे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या आवाजात कसलीही थट्टा नव्हती. तो पेरणार होता. पुढच्या साली, त्याच्या पुढच्या साली, खड्ड्यांच्या कडा ढासळून रान चटईएवढे उरले तरी पेरणार होता, आणि ती नळी मोडून देणार होती. बापाने रान तिच्या नावावर केले होते. कोंडाजीला आजवर एवढेच कळले होते की ते सोडायचे नाही. ते तिने त्याला कधी शब्दांत सांगितलेही नव्हते. तिच्या "बघू"वरून त्याने ओळखले होते.

भट्टीच्या वाटेने हिंदुराव येत होता. बांधापाशी थांबला.

"काय पाव्हणं, घरात भाकऱ्या थापता म्हनं? बरं हाय. बाईमानसाला तेवढाच इसावा." मग छबूबाईच्या हाताकडे त्याची नजर गेली आणि त्याने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "ताई, लई वंगाळ झालं. मी काय इचाराया आलो न्हाई आज. सहज चाललो व्हतो."

कोंडाजी ताट धरून वाकलेलाच राहिला. "तिला इचारा," तो सवयीने म्हणाला, कुणी काही विचारले नव्हते तरी.

छबूबाईने हात छातीवरून खाली सोडला. ठोके सुरू झाले. तिने ते होऊ दिले.

"हिंदुराव, माती न्या."

कोंडाजीच्या हातातले ताट मोडले.

हिंदुरावाने छत्री बांधावर टेकवली. "नदीकडचा तुकडा म्हनतीस? तेवढ्यानंबी चालंल. उरलेल्यात मेथी-कोथमीर..."

"समदी न्या. मुरूम लागंपातूर. आन् बांधबी खणा." तिने कोंडाजीकडे पाहिले नाही. "बांध दिसला तर आमी पुन्यांदा पेरू."